नोकरी बदलली, फंड मागे राहिला
लेखांक ६

पगारातून कापला जाणारा फंड खात्यात कसा साठतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कसा न्यायचा, ते पाहू. नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी आहे. पोरगा बारावीनंतर सुरतेला जातो, पांडेसऱ्याच्या नाहीतर सचिनच्या मिलमध्ये तीन-चार वर्षं काढतो. मग घरचं दुखणं, नाहीतर शेती म्हणून परत येतो आणि नवापूरच्या एमआयडीसीत लूमवर लागतो. तो येतो तापी लाइनच्या गाडीनं. फंड मात्र तिकडेच पडून राहतो.

नवापूर स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिथल्याच बाकावर मध्यंतरी एका तरुणानं मोबाइल माझ्यापुढे धरला. दोन पासबुकं होती. सुरतेच्या खात्यात आडनाव ‘वसावा’, नवापूरच्या खात्यात ‘वसावे’. एकात जन्मतारीख १ जून, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली, दुसऱ्यात आधारवरची. सुरतेला तीन वर्षं झाली होती, खात्यात ऐंशी हजारांच्या आसपास होते. “भाऊ, काढून घेऊ का? एजंट म्हणतो, पंधरा दिवसांत करून देतो.”

घाई कशाची, ते मला कळत होतं. पेरणी तोंडावर होती. तरीही मी त्याला थांबवलं, आणि का थांबवलं ते इथे नीट मांडतो.

समजा पगार १४,००० रुपये आहे. त्याचे १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये कामगाराचे कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, पण ते दोन ठिकाणी जातात: ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये पेन्शन योजनेत आणि उरलेले ५१४ फंडात. नोकरी सोडताना सगळ्यांचं लक्ष फंडाच्या रकमेवर असतं. पेन्शनचा भाग बहुतेकांना ठाऊकच नसतो, आणि नुकसान तिथेच जास्त होतं.

१९९५ च्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. सुरतेची तीन आणि नवापूरची सात मिळून दहा होतात. शेवटच्या काळातला सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०, असं पेन्शनचं सूत्र आहे. म्हणजे १४,००० च्या पगारावर दहा वर्षांना महिन्याला २,००० रुपये, वयाच्या ५८ व्या वर्षापासून. सुरतेचा हिशोब करताना पेन्शनचे पैसेही उचलले, तर ती तीन वर्षं पुसली जातात. मग नवापूरला सात वर्षं पुरी करूनही मासिक पेन्शन बसत नाही. रक्कम लहान वाटेल. पण म्हातारपणी दर महिन्याला हातात येणाऱ्या दोन हजारांची किंमत धडगावच्या पाड्यावर विचारून पाहा.

कराचंही असंच आहे. सलग पाच वर्षांच्या आत फंड काढला तर तो करपात्र ठरतो. रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल, तर पॅन जोडलेलं असल्यास १० टक्के आणि नसल्यास २० टक्के कापून उरलेले पैसे हातात येतात. ज्याचं उत्पन्न करपात्र नाही, तो तसं घोषणापत्र देऊन ही कपात टाळू शकतो, पण एजंट हे सांगतोच असं नाही. फंड नव्या खात्यात नेला, तर जुन्या मालकाकडची वर्षं नव्याच्या वर्षांत मिळतात. सुरतेची तीन आणि नवापूरची दोन झाली की पाच भरली. आजारपणामुळे नोकरी सुटली किंवा कारखानाच बंद पडला, तर पाच वर्षांची अट लागत नाही.

आता फंड हलवायचा कसा? २०१४ पासून प्रत्येक कामगाराला एकच यूएएन नंबर असतो. मालक बदलला तरी तो बदलत नाही. नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म ११ भरून घेतात, त्यात हा जुना नंबर लिहायचा. “आधी कुठे नव्हतो” असं सांगितलं की नवा नंबर निघतो आणि पुढचा घोळ सुरू होतो. जानेवारी २०२५ पासून नियम सोपे झाले आहेत. १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघालेला आणि आधारला जोडलेला नंबर असेल, तर बदलीसाठी बहुतेक वेळा कोणत्याच मालकाची मंजुरी लागत नाही. अशा नंबरवर नाव आणि जन्मतारखेची दुरुस्तीही कामगाराला स्वतः ऑनलाइन करता येते. नंबर त्याआधीचा असेल, तर मालकासोबत संयुक्त घोषणापत्र द्यावं लागतं.

जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नसते, ही फार नेहमीची अडचण आहे. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपल्याला आधारच्या ओटीपीवर टाकता येते. त्यासाठी सुरतेची खेप मारायची गरज नाही.

बदली झाल्यावर एका गोष्टीनं घाबरू नका. फंडाची रक्कम नव्या पासबुकात दिसते, पेन्शनची दिसत नाही. पेन्शनचे पैसे पेन्शन निधीतच राहतात, पुढे जाते ती फक्त सेवेची नोंद. “माझे पेन्शनचे पैसे खाल्ले” अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, तिचं कारण बहुधा हेच असतं.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांसाठी वेगळं सांगायला हवं. पुरुषोत्तमनगर असो की डोकारे, गळीत चार-पाच महिने चालतं. पण पेन्शन योजनेत हंगामी कामगाराची त्या वर्षातली सेवा थोडी असली तरी पूर्ण वर्ष धरली जाते. म्हणजे दहा हंगाम झाले की दहा वर्षं. मधल्या काळात दुसरीकडे काम केलं असेल, तर ते खातंही याच नंबरखाली आणा.

खाती हलवण्याचा विषय निघालाच आहे, तर पीपीएफ आणि एनपीएसचंही सांगतो. पोस्टातलं पीपीएफ खातं बँकेत हलवता येतं आणि ते जुनंच खातं म्हणून चालू राहतं. पण पीपीएफचा पैसा एनपीएसमध्ये नेता येत नाही. कामगाराचा फंड मात्र एनपीएसमध्ये नेता येतो. त्याची सोय २०१७ मध्ये झाली. अशी नेलेली रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न धरली जात नाही, आणि तिच्यावर नवी करवजावटही मिळत नाही.

नंदुरबारचा कारभार फंडाच्या नाशिक कार्यालयाकडे आहे. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर होतं. जाताना आधार, पॅन, बँक पासबुक आणि सापडतील तेवढ्या पगाराच्या पावत्या घ्या. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते.

त्या तरुणाचा नंबर २०१७ नंतरचा निघाला. गाडी यायच्या आत त्यानं ‘वसावा’चं ‘वसावे’ करायचा अर्ज भरला. बियाण्यासाठी त्यानं सोसायटीचं कर्ज घ्यायचं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात: १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकांची डीसीपीएस खाती एनपीएसमध्ये कशी गेली.