चोर कुलूप तोडत नाही, किल्ली लावतो: चोरीचे पासवर्ड सर्व्हरपर्यंत कसे पोहोचतात?

‘अमुक कंपनीचा सर्व्हर हॅक झाला’ अशी बातमी वाचली की डोळ्यांसमोर काय येतं? काळी स्क्रीन, पळणारी हिरवी अक्षरं आणि टोपी घातलेला कुणीतरी. पण बऱ्याच वेळा असं काहीच घडत नाही. चोर कुणाचं तरी खरं यूजरनेम आणि खरा पासवर्ड टाकतो आणि सरळ आत जातो. सर्व्हरच्या नोंदीत ‘लॉगिन यशस्वी’ एवढंच उमटतं. समोर माणूस कोण आहे हे सर्व्हरला दिसत नाही, पासवर्ड बरोबर आहे की चूक एवढंच कळतं.

पुण्यात सायबर हल्ला म्हटलं की कॉसमॉस बँक आठवते. ऑगस्ट २०१८ मध्ये हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवलं, बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढले आणि सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. त्यासाठी मोठी टोळी आणि बरीच तयारी लागली. आज आपण जी पद्धत बघणार आहोत तिला त्यातलं फारसं काही लागत नाही. लागतो तो फक्त तुमच्या-आमच्यापैकी कुणाचा तरी, दोन ठिकाणी वापरलेला पासवर्ड.

पासवर्ड चोरीला जातो कुठून?

पहिला मार्ग म्हणजे डेटा लीक. किराणा घरपोच देणाऱ्या बिगबास्केटचं उदाहरण घ्या. सुमारे २ कोटी ग्राहकांचा डेटा चोरीला गेल्याची बातमी नोव्हेंबर २०२० मध्ये आली आणि एप्रिल २०२१ मध्ये तो डेटा चक्क फुकटात इंटरनेटवर टाकला गेला. त्यात ईमेल, मोबाइल नंबर, पत्ते आणि पासवर्डचे हॅश होते.

हॅश म्हणजे काय? चांगली कंपनी तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. एका गणिती प्रक्रियेतून त्याची अक्षरांची एक लांब माळ बनवते आणि ती साठवते. त्या माळेवरून उलटं मागे जाऊन पासवर्ड काढता येत नाही. मग चोर काय करतो? नाव आणि पुढे १२३, गावाचं नाव, जन्मसाल असे लोकांचे नेहमीचे पासवर्ड घेतो, प्रत्येकाचा हॅश काढतो आणि चोरलेल्या यादीशी जुळवून बघतो. जुळला की पासवर्ड सापडला. हॅशची पद्धत जुनी असेल तर साधा कॉम्प्युटरही असे कोट्यवधी अंदाज झटपट तपासतो.

दुसरा मार्ग म्हणजे इन्फोस्टीलर. हे माहिती चोरणारं मालवेअर असतं. क्रॅक केलेला गेम, फुकटचं ‘प्रीमियम’ सॉफ्टवेअर किंवा कुठून तरी आलेली एपीके फाइल यांच्यासोबत ते येतं, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड गोळा करतं आणि चोराकडे पाठवतं. इथे अंदाज लावायचीही गरज उरत नाही.

अशा याद्या टेलिग्रामवर आणि डार्क वेबवर विकल्या जातात. आता खरा खेळ सुरू होतो.

एक किल्ली, हजार दारं

समजा, आमच्या कापूरहोळच्या चौकात कुणाचा तरी किल्ल्यांचा जुडगा पडला आणि तो चोराला मिळाला. घर कुणाचं, माहीत नाही. एक रस्ता भोरला जातो, एक नारायणपूरकडून सासवडला, आणि हायवे तर पुणे-सातारा. चोर किती दारांना किल्ली लावून बघणार? तिसऱ्या दाराशीच कुणीतरी हटकेल, ‘‘काय रे, कुणाकडं आलायस?’’

इंटरनेटवर हटकणारं असं कुणी नसतं. चोर एक छोटा प्रोग्रॅम लिहितो, म्हणजे बॉट. तो यादीतली ईमेल आणि पासवर्डची एकेक जोडी उचलतो आणि बँक, ईमेल, शॉपिंग, कंपनीचं व्हीपीएन अशा शेकडो ठिकाणी लावून बघतो. एकाच पत्त्यावरून खूप प्रयत्न झाले तर सर्व्हरला संशय येईल, म्हणून तो हजारो वेगवेगळ्या आयपी अ‍ॅड्रेसवरून थोडे थोडे प्रयत्न करतो. याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात.

आता साधा हिशोब करा. यादीत १० लाख जोड्या आहेत आणि हजारात एकच लागली, तरी १,००० खाती उघडली. त्या हजारातला एक जण जरी कुठल्या कंपनीत सर्व्हर सांभाळत असेल आणि ऑफिसातही तोच पासवर्ड वापरत असेल, तर चोराच्या हाती ऑफिसची किल्ली आली.

एका पासवर्डने पाइपलाइन बंद

अतिशयोक्ती वाटतेय? मग अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनचं प्रकरण बघा. टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत पेट्रोल-डिझेल नेणारी ही सुमारे ८,८५० किलोमीटरची पाइपलाइन. मे २०२१ मध्ये कंपनीच्या कॉम्प्युटरवर खंडणीचा संदेश झळकला आणि खबरदारी म्हणून पाइपलाइन बंद करावी लागली. पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली.

चोर शिरले कसे? कंपनीच्या नेटवर्कमध्ये बाहेरून लॉगिन करण्यासाठी एक व्हीपीएन खातं होतं. ते वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं. त्याचा पासवर्ड पुढे तपासात डार्क वेबवरच्या लीक झालेल्या पासवर्डमध्ये सापडला. त्या कर्मचाऱ्याने तो आधीच लीक झालेल्या दुसऱ्या खात्यालाही वापरला असावा, असं तपास करणाऱ्यांचं म्हणणं होतं. त्या व्हीपीएनला ओटीपीसारखी दुसरी पायरी नव्हती.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पासवर्ड सोपा नव्हता. तो गुंतागुंतीचा होता, असं कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकन सिनेटसमोर सांगितलं. म्हणजे कितीही अवघड पासवर्ड ठेवा, तो दोन ठिकाणी वापरला आणि एका ठिकाणाहून फुटला, की दुसरीकडेही त्याची किंमत शून्य.

मग ओटीपी असला की झालं का?

बऱ्यापैकी. भोरजवळच्या रोहिडा किल्ल्यावर गेलात तर एकामागे एक तीन दरवाजे लागतात. पहिला पडला तरी किल्ला पडत नाही. पासवर्डनंतरचा ओटीपी किंवा फोनवरची ‘हो, मीच आहे’ ही परवानगी म्हणजे आपला दुसरा दरवाजा. पण तो आतून कुणी उघडून दिला तर?

सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या बाबतीत हेच झालं. उबरसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या खासगी उपकरणात मालवेअर शिरलं होतं आणि तिथून चोरलेला त्याचा ऑफिसचा पासवर्ड हल्लेखोराने बहुधा डार्क वेबवर विकत घेतला, असं कंपनीने सांगितलं. हल्लेखोर पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला. प्रत्येक वेळी त्या माणसाच्या फोनवर परवानगीची विनंती येत राहिली. शेवटी त्याने एकदा होकार दिला आणि हल्लेखोर उबरच्या अंतर्गत यंत्रणेत पोहोचला.

म्हणून लक्षात ठेवा, तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर अशी विनंती किंवा ओटीपी आला, तर तुमचा पासवर्ड कुणाकडे तरी आधीच असण्याची शक्यता आहे. ‘नाही’ दाबा आणि लगेच पासवर्ड बदला.

आज करायच्या पाच गोष्टी

१. सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड वेगळा करा. बाकी बऱ्याच खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात, त्यामुळे ती घराची मुख्य किल्ली आहे. मग बँक आणि ऑफिस किंवा कॉलेजचं खातं.

२. पन्नास पासवर्ड पाठ होणार नाहीत आणि करूही नका. पासवर्ड मॅनेजर वापरा. अँड्रॉइडमध्ये गूगलचा आणि आयफोनमध्ये अ‍ॅपलचा आधीपासून असतो. त्यात ‘चेकअप’सारखा पर्याय असतो. कुठला पासवर्ड लीक झालाय आणि कुठला दोनदा वापरलाय, ते तो दाखवतो.

३. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. जिथे पासकीचा पर्याय असेल तिथे ती घ्या. पासकीत टाइप करायला पासवर्डच नसतो, त्यामुळे यादीत जाण्यासारखंही काही उरत नाही.

४. क्रॅक सॉफ्टवेअर आणि अनोळखी एपीके टाळा. विशेषतः ज्या लॅपटॉपवर ऑफिसचं काम करता, त्यावर.

५. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.

आणि तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंग करतायत किंवा पहिल्या नोकरीत आहेत, त्यांच्यासाठी थोडं जास्त. नवा सर्व्हर इंटरनेटवर उभा केला की थोड्याच वेळात ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’ अशा नावांनी बॉट दार वाजवू लागतात. लॉग उघडून बघा, दिसेल. म्हणून एसएसएचला पासवर्डने लॉगिन बंद करून की वापरा. प्रोजेक्ट गिटहबवर टाकताना कोडमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की राहिली नाही ना, ते तपासा. सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करा. कलोनियलचं तसलंच एक विसरलेलं खातं महागात पडलं.

लीक थांबवणं आपल्या हातात नाही. आपला डेटा कुठल्या ना कुठल्या कंपनीकडून कधीतरी फुटणार, असं धरूनच चला. पण फुटलेला पासवर्ड फक्त त्याच एका दाराला लागेल, एवढी व्यवस्था नक्की आपल्या हातात आहे. आत्ता फोन हातात आहेच, तर ईमेलच्या पासवर्डपासून सुरुवात करा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि झाल्यावर घरच्यांचा फोनही घ्या, कारण त्यांचा पासवर्ड काय असेल, हे तुम्हालाच काय, बॉटलाही ठाऊक असतं!