अडलेली पुली

आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आजही इंदूरच्या रामबागेतील घरापुढे उभी असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कारखान्याची ही गाडी. तिचे काम घरीच करावयाचे, हा वडिलांचा दंडक. गतवर्षी एंजिनाच्या पुढच्या सीलमधून तेल गळू लागले. सील बदलावयाचे तर आधी क्रँकची पुली काढणे आले. नट सुटला; पुली मात्र जागची हलेना.

आम्ही हातोडी उचलली, हे कबूल करतो. दोनच घाव, आणि पुलीची कड वाकली. ओसरीवर बसलेले वडील काही न बोलता उठून आत गेले. ते फार लागले.

घाव पुलीवर पडला तरी हादरा आतल्या बेअरिंगला पोचतो, हे शेजारच्या मिस्त्रींनी मागाहून समजाविले. मग छोट्या ग्वालटोलीतून पुलर आणला. रात्री फटीत तेल व घासलेट सोडून ठेवले. सकाळी पुलरचे पाय कडेला न अडकविता मागून मधल्या भागाला लावले, दांड्याच्या तोंडाशी जाड पत्री ठेवून स्क्रू ताणला आणि पुलीवर उकळते पाणी ओतले. दिव्याची ज्योत लावली असती तर शेजारचे रबर जळाले असते. मीटरभर लोखंड शंभर अंशांनी तापले तरी जेमतेम १.२ मिलिमीटर वाढते. एवढ्याशा भोकाची वाढ ती केवढी! पण तेवढी पुरली. ‘टक्’ असा आवाज झाला.

वडील दारात आले. “नवी पुली आणावी लागेल. सील आणलंस ना?” एवढेच म्हणाले, आणि बाह्या सारून शेजारी बसले.