'हाड वाढणे' : एक शब्दप्रयोग, तीन विकार

टाच दुखणारा किंवा मान आखडलेला मनुष्य दवाखान्यातून परतला म्हणजे 'हाड वाढले आहे' असे घरी सांगतो. नागपुरातच नव्हे, सर्व महाराष्ट्रात हा शब्दप्रयोग रूढ आहे. तो सुटसुटीत खरा. परंतु दुखणे आहे आणि हाडही वाढलेले दिसते, म्हणून हाडामुळेच दुखणे, हा निष्कर्ष त्यात आधीच गृहीत धरलेला असतो. उपचाराविषयीच्या अपेक्षाही मग त्यावरूनच ठरतात.

प्राचीन परिभाषेत हा घोटाळा नव्हता. सुश्रुतसंहितेतील 'वातकंटक' म्हणजे पाऊल वेडेवाकडे पडल्याने त्याच्या मागील भागी उत्पन्न होणारी पीडा. तेथील 'कंटक' हा रुतणाऱ्या वेदनेचा वाचक समजणे सयुक्तिक आहे. त्याचा हाडाच्या आकाराशी संबंध नाही. अस्थीच्या अधिक वाढीसाठी चरक व सुश्रुत या दोहोंच्या संहितांत 'अध्यस्थि' ही निराळी संज्ञा आहे. म्हणजे वेदनेला एक नाव, वाढीला दुसरे. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावल्यावर जिवंत माणसाचे हाड डोळ्यांना दिसू लागले, आणि जे चित्रात दिसते त्यालाच दोषी ठरविणे सोपे झाले.

वस्तुतः सांध्यातील कूर्चा झिजू लागली की सांध्याच्या कडेवरील पेशी नवी कूर्चा निर्माण करतात व तिचेच पुढे हाड बनते. वैद्यकात यास 'ऑस्टिओफाइट' म्हणतात. ग्रीक भाषेत 'ऑस्टिऑन' म्हणजे अस्थी आणि 'फायटॉन' म्हणजे वनस्पती. हाडाला फुटलेला हा कोंब पुष्कळदा निरुपद्रवी असतो. मात्र मणक्यातील कोंबाने मज्जातंतू किंवा मज्जारज्जू दाबला जाऊन हातापायांत बधिरता वा दुर्बलता आली, अथवा मलमूत्रावरील ताबा सुटला, तर विलंब न करता तज्ज्ञाकडे गेले पाहिजे. तेथे शस्त्रक्रियेचाही विचार करावा लागतो.

टाचेची गोष्ट वेगळी आहे. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल सर्वांत अधिक दुखते, ते बहुधा तळव्याच्या तंतुमय पट्ट्यावर टाचेपाशी पडणाऱ्या ताणामुळे. टाचेचे हाड वाढलेले असूनही कसलीच वेदना नसलेली माणसे पुष्कळ आढळतात; उलट तीव्र वेदना असून हाड मुळीच वाढलेले नाही, असेही दिसते. म्हणून 'काटा' कापून टाकण्याचा आग्रह बहुधा अस्थानी ठरतो. पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम, मऊ तळाची पादत्राणे आणि आवश्यक तर वजन कमी करणे, एवढ्याने बहुसंख्य रुग्णांना वर्षभरात आराम पडतो. काटा चित्रात तसाच राहतो, दुखणे जाते.

विदर्भाच्या दृष्टीने तिसरा अर्थ सर्वांत गंभीर आहे. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा दंडक आहे. अशा गावांत वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्यांचे हाड खरोखरच वाढते: अस्थी घट्ट होतात, अस्थिबंधांत चुना साचतो, पाठीचा कणा ताठरतो. अशा रुग्णाला 'वयोमानाने हाड वाढले' असे सांगून परत पाठविणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच विहिरीवर पाठविणे होय. झालेली अस्थिविकृती सहसा मागे फिरत नाही; तेव्हा उपचार पाण्यावरच करावयाचा असतो. पाणी उकळून उपयोग नाही, कारण वाफेबरोबर फ्लोराइड जात नाही. राहिलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. तुरटी व चुना मिसळून फ्लोराइड खाली बसविण्याची 'नालगोंडा' पद्धती, नाव तेलंगणातील जिल्ह्याचे असले तरी, नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली. घरच्या बादलीतही ती करता येते. परंतु तुरटीची मात्रा त्या त्या पाण्याच्या परीक्षणावरून ठरवावी लागते, आणि बादलीच्या तळाशी बसलेला गाळ पाण्यात पुन्हा मिसळू न देता टाकून द्यावा लागतो.