वाळू भरलेला पाईप

फियाटचा सायलेन्सर सडला की बहुतेक जण बाजारातून तयार आणतात, बसवतात आणि मोकळे होतात. वडिलांकडून माझ्याकडे आलेल्या १९६८ च्या '११०० डिलाइट'साठी मीही दोनदा तेच केलं. दोन्ही वेळा तिसऱ्या पावसाळ्यात पत्र्याची चाळण झाली. मग ठरवलं, मॅनिफोल्डपासून मागच्या टोकापर्यंत सगळा एक्झॉस्ट नव्याने घडवायचा.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार व्हायची. पुढे सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आता मुद्द्याचं. पहिल्या प्रयत्नात एका गॅरेजवाल्याने दोन इंची पाईप घातला. "पाईप जितका मोठा, तितकी गाडी मोकळी," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं आणि मला ते पटलंही. पुढच्याच आठवड्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरलो. येताना त्याच घाटात दुसऱ्या गिअरमध्येही गाडीला ओढ राहिली नाही. आवाज मात्र ट्रकसारखा.

कारण आपल्या चुलीपाशी आहे. फुंकणी अरुंद असते म्हणून निखारा फुलतो. रुंद नळीतून कितीही फुंकलं तरी राखच उडते. १०८९ सीसीचं, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचं इंजिन थोडाच धूर सोडतं. पाईप रुंद असेल तर तो धूर आळसावतो. बेताच्या पाईपातून तो वेगाने सुटतो आणि त्याच्यामागे दाब क्षणभर उतरतो, त्या ओढीने पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर बाहेर येतो. या इंजिनाचा पेट १-३-४-२ असा आहे. म्हणून पहिल्या-चौथ्याच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या नळ्या आधी जोडीने एकत्र आणायच्या, मग दोन्हींचा एक पाईप करायचा. म्हणजे कुणाचा धूर कुणाच्या वाटेत येत नाही. पुढे दीड इंची पाईप पुरे.

दुसऱ्या खेपेला मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी आधी गाडी रॅम्पवर घेतली आणि मऊ सळई हातात घेऊन ती गाडीखाली वाकवत नेली. फ्लोअरला लागून, मग मागच्या ॲक्सलवर कमान काढून, पाट्यांच्या स्प्रिंगांपासून दूर. खड्ड्यात ॲक्सल वर उचलला की पाईपाला लागता कामा नये म्हणून तिथे तीन बोटं जागा सोडली. ही सळई म्हणजे नमुना.

आणि मग वाळू! यंत्रावर दाबून वाकवलेला पाईप वळणावर चपटतो, धुराला तिथे अडथळा होतो. मिस्त्रींनी पाईपात बारीक वाळू भरली, लाकडी दट्ट्यांनी दोन्ही तोंडं बंद केली आणि पाईपावर हातोडीने ठोकत ठोकत वाळू बसवली. ठोकताना आवाज बोदा येईपर्यंत ते थांबले नाहीत. मी घाई केली तर म्हणाले, "साहेब, वाळू आधी तव्यावर भाजून घेतलीय. ओल राहिली तर तापताना वाफ होतीय, आन् दट्ट्या तोफेच्या गोळ्यागत सुटतोय." लाल होईपर्यंत तापवलेला पाईप त्यांनी सळईच्या वळणावर आणला. आतली वाळू त्याला चपटू देत नव्हती. ते वळण बघायला मी नंतरही दोनदा उद्यमनगरात गेलो आणि प्रत्येक वेळी तितकाच वेळ उभा राहिलो.

पाईप ३०४ एल स्टेनलेस स्टीलचा घेतला. एल म्हणजे कार्बन कमी. तापवल्यावर आणि वेल्डिंगच्या सांध्याशी गंज धरायची भीती त्यात कमी. हे पोलाद तापलं की चांगलंच वाढतं: तीन मीटर लांबीचा पाईप तीनशे अंशांनी तापला तर दीड सेंटिमीटर. म्हणून तो घट्ट आवळायचा नाही, रबरी लटकनांवर टांगायचा. आवळलेला पाईप कुठेतरी चिरतोच.

सायलेन्सरमध्ये आम्ही भोकांची नळी आणि तिच्याभोवती काचतंतू ठेवले. पण ताशी साठच्या आसपास गाडीत कानाला त्रास देणारी एक घूं घूं उरली. आवाज एकाच इंजिन वेगावर येत असेल, तर मुख्य पाईपाला बाजूने एक बंद तोंडाची नळी जोडतात. तिची लांबी त्या आवाजाच्या लहरीच्या पाव हिश्शाइतकी असली की परतणारी लहर मूळ लहरीला मारते. साधारण एक मीटर नळी लागली. घूं घूं थांबली, बाकी सूर तसाच राहिला. गाडीचा सूर हवा, कर्णकर्कश नको. त्या बाबतीत मी आवाजावर मर्यादा घालणाऱ्या नियमाच्या बाजूने आहे.

शेवटी मिस्त्रींनी गाडी चालू करून मागच्या तोंडावर ओलं फडकं धरलं आणि दुसऱ्याला सांधे ऐकायला सांगितलं. कुठेच फुसफुस नाही. फडकं काढलं, तर तोंडातून पाण्याचे थेंब जमिनीवर पडत होते. "लिटरभर पेट्रोल जाळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतंय," ते म्हणाले, "थोडं चालवून बंद केली की आतच साठतंय. तुमचे आधीचे सायलेन्सर त्यानंच खाल्ले." मग त्यांनी ड्रिल उचलला आणि सायलेन्सरच्या तळाशी, सगळ्यांत खालच्या जागी, तीन मिलिमीटरचं एक भोक पाडलं.