थंडीत गाडीचा गंज काढताना

बीड जिल्ह्यात, विशेषतः अंबाजोगाईच्या डोंगरपट्ट्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गाडीचा पत्रा दवाने ओला असतो. ओल्या पत्र्यावर रंग दिला तर ओल आत कोंडते आणि गंज रंगाखाली वाढत राहतो. म्हणून सकाळी फक्त घासकाम करा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत गंज काढा, थिनरच्या फडक्याने पुसा.

जोहरनंतर पत्रा हाताला कोमट लागला की रेड ऑक्साइड प्रायमर लावा. तो वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. असरच्या सुमारास थांबा.

रंग लवकर वाळावा म्हणून जवळ शेगडी पेटवू नका. थिनरची वाफ भडकते. मुलांना दूर ठेवा. चासीच कुजली असेल तर रंगाने झाकू नका, गॅरेज गाठा. त्याच गाडीत आपली लेकरे बसतात.