बोटाला खरे सांगणारा कीबोर्ड

आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड उलटा केला, की मागच्या लेबलवर तो बनल्याची तारीख दिसते. १९८०च्या दशकातली तारीख असलेले कितीतरी नग आजही रोजच्या कामात आहेत. ज्या संगणकांबरोबर ते विकले गेले, ते केव्हाच भंगारात गेले. बोटांना सोसेल आणि वर्षानुवर्षे टिकेल असा कीबोर्ड निवडायचा तर काय पाहावे, हे या यंत्राच्या गुणांतून कळते आणि दोषांतूनही.

त्याचे सगळे मर्म एका स्प्रिंगमध्ये आहे. प्रत्येक कळीखाली एक बारीक स्प्रिंग उभी असते आणि तिच्या बुडाशी प्लॅस्टिकची छोटी, डुलणारी पट्टी. कळ दाबत नेली की स्प्रिंग आधी आवळत जाते आणि एका क्षणी भार न पेलून कडेला वाकते. वाकताना ती भोवतालच्या नळीच्या भिंतीवर आपटते. ‘खट्’ आवाज येतो तो तिथून. त्याच झटक्यात बुडची पट्टी कलंडते, खालच्या पातळ पडद्यातले दोन थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. म्हणजे बोटाला जाणवणारा खटका, कानाला ऐकू येणारा आवाज आणि संगणकाला मिळणारा इशारा ही तिन्ही एकाच घटनेची रूपे आहेत. कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या रबरी घुमटाच्या कीबोर्डमध्ये बहुधा कळ तळाला टेकेपर्यंत दाबावी लागते आणि तरी अक्षर उमटले की नाही हे संगणकाच्या पडद्यावर पाहून ठरवावे लागते.

या स्प्रिंगची कल्पना आयबीएमचे अभियंते रिचर्ड हंटर हॅरिस यांची. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या मॉडेल एफ कीबोर्डमध्येही हीच स्प्रिंग होती. पण तिच्याखाली महागडे विद्युत-परिपथाचे पान होते. १९८५ पासून बनू लागलेल्या मॉडेल एमने ते काढून स्वस्त पडदा बसवला. आज ज्याच्या मजबुतीचे गोडवे गायले जातात, तो कीबोर्ड खर्चकपातीतूनच जन्मला. मात्र बोटाशी संबंध येणाऱ्या स्प्रिंगला कात्री लागली नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे ज्या कारखान्यात तो बनत असे, तिथूनच आयबीएमची सेलेक्ट्रिक टंकलेखनयंत्रेही बाहेर पडत. दिवसभर टंकन करणाऱ्या माणसाला काय लागते, याची त्या कारखान्याला चांगली जाण होती.

आपल्यासमोरच्या बहुतेक कीबोर्डांची मांडणीही मॉडेल एमच्याच १०१ कळांच्या नमुन्यावरून आली आहे. आधी डावीकडे असलेल्या एफ-कळा वरच्या ओळीत गेल्या आणि बाणांच्या चार कळांना उलट्या टीच्या आकारात स्वतंत्र जागा मिळाली. ही बाणांची रचना डेक या संगणक कंपनीने १९८२ साली आधीच आणली होती. मॉडेल एममुळे ती सर्वत्र रुळली. मराठीसाठीचा इनस्क्रिप्ट आराखडाही अशाच कळफलकावर चालतो. त्यात ‘क’च्या कळीवर शिफ्ट धरून ‘ख’ येतो, ‘ल’च्या कळीवर ‘ळ’, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’ ही जोडाक्षरे आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह मिळतात. म्हणून मराठी लिहिणाऱ्याने दोन्ही शिफ्ट कळा पुरेशा लांब आणि जागच्या जागी आहेत ना, हे आधी पाहावे. आखूड केलेल्या छोट्या कीबोर्डांत बहुधा उजव्या शिफ्टचाच बळी जातो.

मॉडेल एमचे दोषही लहान नाहीत. सुरुवातीच्या नगांचे वजन दोन किलोंहून जास्त. आवाज इतका की शेजारी झोपलेला माणूस जागा होईल. कळीला साधारण ६५ ते ७० ग्रॅमचा दाब लागतो. ज्यांची बोटे आधीच दुखत असतील त्यांना तो जड पडेल. जुन्या नगांत विंडोज कळ नाही. पोटातला पोलादी पत्रा आणि प्लॅस्टिकचा सांगाडा प्लॅस्टिकच्याच रिव्हेटांनी जोडलेला असतो. वर्षे सरली की रिव्हेट एकेक तुटतात आणि खटका मंदावतो. तेव्हा हौशी मंडळी तुटके रिव्हेट काढून, भोके पाडून नट-बोल्ट बसवतात. या कीबोर्डचे आयुष्य वाढले त्यात अशा दुरुस्तीचाही वाटा आहे.

१९९१ साली आयबीएमने कीबोर्ड बनवणारा विभाग वेगळा केला आणि लेक्समार्क कंपनी झाली. १९९६ साली लेक्समार्कने कीबोर्ड बनवणे थांबवले, तेव्हा तिथल्याच काही माणसांनी साचे आणि यंत्रे घेऊन युनिकॉम्प सुरू केली. ती लेक्सिंग्टनमध्ये आजही वाकणाऱ्या स्प्रिंगचे कीबोर्ड बनवते आणि सुटे भागही विकते.

आपल्याकडे सगळ्यांनी तोच मागवावा असे नाही. बाजारात मेकॅनिकल कीबोर्ड भरपूर आहेत. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या धर्तीचे स्विच त्यांत असतात. लाल स्विच हलका, साधारण ४५ ग्रॅमचा आणि खटका नसलेला. तपकिरी स्विचला हलकासा अडसर. निळा आवाज करणारा. घरात किंवा कार्यालयात शेजारी माणसे असतील तर निळा टाळावा. कळांच्या टोप्या पीबीटी प्लॅस्टिकच्या असाव्यात. एबीएसच्या टोप्या घासून लवकर चकाकतात. स्विच सोल्डर न केलेले, नुसते ओढून बदलता येणारे असतील तर एक कळ बिघडली म्हणून अख्खा कीबोर्ड टाकावा लागत नाही. वायर वेगळी निघणारी असली तर आणखी चांगले. आणि कीबोर्ड कोणताही असो, मागचे पाय मिटलेलेच ठेवावेत. ते उभे केले की मनगट वर वळते आणि दुखणे तिथूनच सुरू होऊ शकते.

दुकानात गेलात तर रंगीत दिव्यांकडे पाहू नका. एक परिच्छेद मराठीत टंकून पाहा आणि मग विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा : हा उघडतो का, आणि याचे भाग सुटे मिळतात का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तो कीबोर्ड महागच आहे.