घड्याळ दुरुस्तीचं किट घेताय? आधी घड्याळाची पाठ बघा

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये डझनावारी वस्तू असतात. फक्त सेल बदलायचा असेल तर त्यातल्या दोन-तीनच लागतात.

घड्याळ उलटं करा. झाकणाच्या कडेला एकच बारीक फट दिसली तर ते दाबून बसवलेलं आहे. त्याला बोथट पात्याची सुरी पुरते. सारख्या अंतरावर खाचा असतील तर झाकण आट्यांचं आहे. त्यासाठी तीन टोकांचा ओपनर घ्या. दोन टोकांचा हमखास निसटतो आणि ओरखडा काढतो.

खरे पैसे घालायचे ते स्क्रूड्रायव्हरवर. मऊ पोलादाचं टोक वाकतं, स्क्रूची खाच झिजते आणि मग तो घड्याळजीलाही सहज काढता येत नाही. आजोबांच्या एचएमटी जनतावर हा प्रयोग नकोच. तिचे मूळ सुटे भाग आता शोधत फिरावं लागतं.

सेल उचलायला प्लास्टिकचा चिमटा वापरा. धातूचा चिमटा दोन्ही बाजूंना टेकला की सेल शॉर्ट होतो. जुन्या सेलवरचा नंबरही वाचा: ३७७ आणि एसआर६२६एसडब्ल्यू हे एकच. एलआर६२६ तेवढाच दिसतो, स्वस्तही असतो, पण तो अल्कलाइन आहे आणि गळाला तर आतलं यंत्र खराब करतो.